वहीतली शेवटची तारीख

प्रश्न : आदरणीय ताई, नोकरीसाठी परदेशात येऊन मला परवा एक वर्ष पूर्ण झाले. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच सुट्टीवर घरी जाणार आहे आणि ‘वर्षभरात काय मिळवलेस?’ हा प्रश्न मला पहिल्या तासाभरातच विचारला जाईल. सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. घरी मी बोलकी, सगळ्यांना हसवणारी म्हणून ओळखली जायचे. इथे ऑफिसात सगळे मला अबोल समजतात. सुरुवातीला कुणाला फोन करायचा असला, की बोलायची वाक्ये आधी वहीत लिहून काढत असे. समोरच्याने अमुक विचारले तर तमुक सांगायचे, हेसुद्धा कंसात लिहायचे. त्या वहीतली शेवटची तारीख सात महिन्यांपूर्वीची आहे, पण चारचौघांत बोलताना अजूनही अडखळते. एवढे मात्र झाले, की आता मी आईला काही सांगत नाही. मध्यंतरी पंधरा दिवस आजारी होते, तेही तिला कळू दिले नाही. मी खंबीर झाल्याचीच ही खूण असावी. माझ्याबरोबर आलेली मंडळी आपल्या वर्षाबद्दल किती अभिमानाने बोलतात! माझे वर्ष वाया गेले का? — एक वाचक

उत्तर : तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्या वहीपाशी थांबले. तुम्ही वहीबद्दल दोन-तीन वाक्ये लिहिलीत आणि लगेच ‘पण’ म्हणून पुढे गेलात. मला मात्र ते पान डोळ्यांसमोर दिसते आहे : स्वतःचे नाव, कामाचे स्वरूप, त्याखाली कंसातली संभाव्य उत्तरे, आणि हातात फोन धरून पहिले वाक्य मनात घोळवत बसलेल्या तुम्ही. मग सात महिन्यांपूर्वी एक दिवस असा आला, की फोन करायचा होता आणि वही उघडावीशी वाटली नाही. त्या दिवशी काही विशेष घडले, असे तुम्हाला आठवतही नसेल. ज्या कामाची धास्ती वाटत होती ते नेहमीचे होऊन जाते, तेव्हा त्याची कुठे नोंद होत नाही. बढती मिळाली तर तिचे पत्र येते, परीक्षा उत्तीर्ण झाली तर प्रमाणपत्र मिळते. भीती निघून जाते ती मात्र न सांगता. तुमच्याकडे योगायोगाने तिची तारीख लिहिलेली राहिली आहे, आणि वर्ष वाया गेले असे म्हणण्याआधी त्या तारखेचा विचार व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आता अबोलपणाविषयी. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० साली ‘कल्चर शॉक’ या अवस्थेचे वर्णन करताना तिचे मूळ एका अगदी साध्या गोष्टीत दाखवले होते. परक्या समाजात गेल्यावर रोजच्या व्यवहारातल्या आपल्या ओळखीच्या खुणा एकाएकी नाहीशा होतात : कुणाला भेटल्यावर काय म्हणायचे, बोलणे कोणते मनावर घ्यायचे आणि कोणते सोडून द्यायचे, कुणाच्या चेहऱ्यावरून काय ओळखायचे. आपल्या माणसांत हे सारे आपण विचार न करता करतो. तुम्ही लोकांना हसवत होता, तेव्हा कोणत्या क्षणी कोणता शब्द टाकायचा हे तुम्हाला त्या माणसांच्या संगतीत वाढल्यामुळे ठाऊक होते. नव्या भाषेत विनोद सुचेपर्यंत बोलणे पुढे गेलेले असते. म्हणून तुम्ही गप्प राहता, आणि ज्यांनी तुम्हाला आधी पाहिलेले नाही ते हाच तुमचा स्वभाव समजतात. त्यांचा हा समज तुम्हीही खरा मानू लागला आहात, याची मला अधिक काळजी वाटते. वर्षभर गप्प राहिलेल्या माणसाने ऐकलेलेही पुष्कळ असते. ऑफिसात कोण मनापासून बोलते आणि कोण नुसतेच गोड बोलते, हे आज तुम्हाला नक्की सांगता येईल. पहिल्या महिन्यात ते सांगता आले असते का, हे स्वतःला विचारून पाहा.

तुम्ही पत्र लिहिलेत ती वेळही लक्षात घ्या. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून परतलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांशी बोलून १९५५ साली असे मांडले, की सहा महिन्यांपेक्षा कमी किंवा दीड वर्षापेक्षा जास्त काळ राहिलेल्यांच्या मानाने सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचे तिथे कमी जुळले होते. तुमचा बारावा महिना बरोबर या टप्प्याच्या मध्यावर येतो. हा काही सर्वांना लागू पडणारा नियम नाही. न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला, त्यात सर्वांत अवघड काळ अगदी सुरुवातीचा निघाला. माझे म्हणणे एवढेच, की आज मन जिथे आहे तिथून सगळ्या वर्षाला गुण देऊ नका, कारण उदास माणसाला मागचे दिवसही उदासच दिसतात.

तुमच्याबरोबरची मंडळी अभिमानाने बोलतात, त्यांना बोलू द्यावे. त्यांचे वर्ष तुम्ही त्यांच्या शब्दांत ऐकता आणि स्वतःचे वर्ष रात्रीच्या जागरणासकट ओळखता. या दोहोंची तुलना कशी होणार?

आता तुमच्या पत्रातल्या ज्या गोष्टीने मी खरोखर अस्वस्थ झाले तिच्याकडे येते. आईला आजारपण कळू दिले नाही, याला तुम्ही खंबीरपणा म्हटले आहे. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. परदेशी राहणाऱ्या माणसामध्ये वर्षभरात अनेक बदल होतात, पण झालेला प्रत्येक बदल म्हणजे वाढ असे धरून चालता येत नाही. वही बंद झाली, तेव्हा तुम्हाला जे जमत नव्हते ते जमू लागले. आईशी बोलणे बंद झाले, तेव्हा जे जमत होते ते तुम्ही सोडून दिले. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, कारण दोन्हीकडे तुमची तक्रार ऐकू येत नाही. ‘उगाच तिला काळजी कशाला’ असे म्हणून माणूस पहिल्यांदा गप्प राहतो ते मायेपोटी, पुढे त्याची सवय होते, आणि मग एक दिवस असा येतो, की सांगावेसे वाटले तरी सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. तुम्ही त्या दिवसाच्या किती जवळ आला आहात, ते मला पत्रावरून समजत नाही. त्या पंधरा दिवसांत तुमच्याजवळ कोण होते, हेही तुम्ही लिहिलेले नाही. शेजारच्या कुणी औषध आणून दिले असेल, ऑफिसातल्या कुणी दाराशी येऊन चौकशी केली असेल, तर परक्या गावी तुम्हाला माणसे मिळाली आहेत, आणि ती तुमच्या वर्षाची मोठी कमाई आहे. पंधरा दिवस तुम्ही कुणालाच सांगितले नसेल, तर सुट्टीवर जाण्याआधी तिथल्या एका तरी व्यक्तीला ते सांगा. झोप, भूक किंवा कामातले लक्ष बरेच दिवस उडालेले असेल, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायला वेळ लावू नका.

आढावा घ्यायचाच असेल, तर मिळवलेल्या गोष्टींची यादी करत बसू नका. हायो अ‍ॅडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात परदेशात राहिलेल्यांना ‘मी कोण आहे’ याविषयी अधिक स्पष्टता असल्याचे आढळले. किती देश पाहिले यापेक्षा परदेशात एकूण किती काळ राहिलो, याला त्यात महत्त्व होते. या स्पष्टतेचे कारण त्यांनी असे दिले, की वेगळ्या चालीरीतींच्या माणसांत राहताना आपली मते खरोखर आपली आहेत की केवळ आपण जिथे वाढलो तिथून आलेली आहेत, हे तपासावे लागते. हे तपासणे आपोआप होत नाही, त्यासाठी बसावे लागते. तेव्हा घरी जाण्याआधी चार संध्याकाळी, दर वेळी वीस मिनिटे, त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर लिहा. घरी असताना जी गोष्ट केवळ सगळे करतात म्हणून करत होता आणि इथे कुणी सांगत नसतानाही करत राहिलात, ती कोणती? कोणती गोष्ट सुटली आणि तिची आठवणही झाली नाही? वाक्ये सुबक होण्याची गरज नाही, खरी असली म्हणजे झाले.

घरी ‘काय मिळवलेस?’ असे विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना तुम्ही सुखरूप आहात ना, एवढेच जाणून घ्यायचे असते. त्यांना ‘बरे चालले आहे’ हे उत्तर पुरते आणि त्यात काही खोटेही नाही. दोन-चार दिवसांनी घरही थोडे परके वाटू लागले, तर घाबरू नका. परतल्यावर पुन्हा जुळवून घ्यावे लागते, याची दखल जॉन आणि जीन गुलाहॉर्न या संशोधकांनी १९६३ सालीच घेतली होती.

वही मात्र सामानात घ्या. एखाद्या संध्याकाळी आई एकटी असेल तेव्हा तिच्याशेजारी बसून पहिली पाने दाखवा. कंसातली उत्तरे वाचून ती हसेल, कदाचित तिचे डोळेही भरून येतील. मग शेवटची तारीख दाखवा. आजारपणाचे त्यानंतर सांगा. ती रागावेल, तिला रागावू द्या, आणि त्या पंधरा दिवसांविषयी ती जे जे विचारील त्या सगळ्याचे उत्तर द्या.