लोहाच्या पृष्ठभागाचे चुंबकत्व : इलेक्ट्रॉनांचा स्पिन मोजताना

प्रश्न : प्रयोगशाळेत चांगला चुंबकमापक असताना बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा स्पिन (इलेक्ट्रॉनाच्या अंगभूत चुंबकत्वाची दिशा दाखवणारा गुण) मोजायचा खटाटोप कशाला?

चुंबकमापक अख्ख्या स्फटिकाचा हिशेब देतो, वरच्या दोन-चार अणुथरांचा वाटा त्यात बुडून जातो. लोहावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकल्यावर निघणारे मंद दुय्यम इलेक्ट्रॉन मात्र जेमतेम नॅनोमीटरभर खोलीतून येतात आणि स्पिनची दिशा सोबत आणतात. लोहात दर अणूमागे संयुजा इलेक्ट्रॉन ८ आणि चुंबकी आघूर्ण सुमारे २.२ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचे एकक, एका इलेक्ट्रॉनाच्या स्पिनचा वाटा सुमारे एक), म्हणजे पोलरायझेशन (एका दिशेच्या स्पिनचे आधिक्य भागिले एकूण इलेक्ट्रॉन) २८ टक्क्यांच्या आसपास हवे. १०-२० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला ते तेवढेच मिळते, पण शून्य ऊर्जेजवळ ४५ टक्क्यांवर जाते. म्हणून पृष्ठभाग जास्त चुंबकीय आहे असे समजू नका. अल्पसंख्य (संख्येने कमी असलेल्या दिशेच्या) स्पिनच्या इलेक्ट्रॉनांना डी-पट्ट्यात, म्हणजे लोहाचे चुंबकत्व ज्यांतून येते त्या ऊर्जापातळ्यांत, रिकाम्या जागा जास्त असतात, त्यामुळे ते वाटेतच गळतात आणि बाहेर बहुसंख्य स्पिनचे प्रमाण वाढते. निकेलमध्ये हाच हिशेब ५-६ टक्क्यांवर येतो, तेव्हा हात बसेपर्यंत निकेलच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : मॉट शोधकात (सोन्यावरून इलेक्ट्रॉन विखुरवून स्पिन मोजणाऱ्या उपकरणात) पोलरायझेशन एकदा ६५ टक्के येते, स्फटिक उलटा चुंबकित केल्यावर उणे १५. खरे कोणते?

दोन्ही नाही. सोन्याच्या पत्र्यावरून डावीकडे आणि उजवीकडे विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येतला फरक त्यांच्या बेरजेने भागला की असममिती मिळते, ती शेरमन गुणांकाने (शोधक स्पिनला किती दाद देतो, त्या आकड्याने) भागली की पोलरायझेशन. पण दोन्ही बाजूंचे गणक सारखे नसतात आणि झोतही किंचित सरकलेला असतो. तुमचे आकडे पाहा : पहिल्या दिशेत डावे ११,३४०, उजवे ८,७४०, उलट्या दिशेत डावे ९,६६०, उजवे १०,२६०. पहिले डावे गुणिले दुसरे उजवे, याचे वर्गमूळ काढा. मग दुसरे डावे गुणिले पहिले उजवे, याचेही. या दोन वर्गमुळांची वजाबाकी भागिले बेरीज = ०.०८. तुमचा गुणांक ०.२ आहे, म्हणजे पोलरायझेशन ४० टक्के. चुंबकन न उलटवता घेतलेल्या आकड्यावर आम्ही तरी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : २ इलेक्ट्रॉनव्होल्टखालचे इलेक्ट्रॉन शोधकापर्यंत पोचतच नाहीत.

पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला धरले, तर १ इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळतो. निर्वात कक्षाला म्यू-मेटलचे (चुंबकी क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचे) आवरण हवेच, शिवाय इलेक्ट्रॉनांना वेग मिळावा म्हणून नमुन्याला उणे १०-२० व्होल्ट द्या. नमुन्याचे स्वतःचे विखुरलेले क्षेत्र हा दुसरा चोर. जाड, सुट्या स्फटिकाऐवजी चौकटीच्या आकाराचा, चुंबकी प्रवाहाचे वलय आतच बंद होणारा स्फटिक किंवा टंगस्टनवर वाढवलेला पातळ लोहथर घ्या. चुंबकी स्पंद देऊन क्षेत्र बंद करा आणि उरलेल्या चुंबकनातच मोजा.

प्रश्न : तासाभरात पोलरायझेशन घसरते. शोधक बिघडला का?

आधी पृष्ठभागाकडे बघा. कक्षातला दाब १०⁻¹⁰ मिलिबार असताना, आदळलेला प्रत्येक रेणू चिकटला असे धरले, तर उरलेल्या वायूचा पूर्ण थर बसायला साडेतीन-चार तास लागतात. १०⁻⁹ला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. नव्या लोहस्फटिकात खरी डोकेदुखी गंधकाची : तापवले की ते आतून वर येते. हायड्रोजनमध्ये दीर्घकाळ तापवणे, मग १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या अरगॉन आयनांनी खरवडणे आणि सुमारे ६०० अंश सेल्सिअसला तापवणे, असे फेरे घ्यावे लागतात. ९१२ अंश ओलांडले की स्फटिकाची रचनाच बदलते आणि एकसंध स्फटिक हातचा जातो. ऑजे वर्णपटात (पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्ये आहेत ते दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या वर्णपटात) १५२ (गंधक), २७२ (कार्बन) आणि ५०० इलेक्ट्रॉनव्होल्टजवळची (ऑक्सिजन) शिखरे दिसेनाशी झाल्याशिवाय मोजणी सुरू करू नका.

प्रश्न : मॉट घ्यावा की मंद इलेक्ट्रॉन परावर्तनाचा शोधक?

मॉटची गुणवत्ता (मिळालेल्या इलेक्ट्रॉनांतून स्पिनची माहिती किती चांगली निघते, त्याचा आकडा) १०⁻⁴च्या घरात, ऑक्सिजन बसवलेल्या लोहावरून परावर्तन करणाऱ्या शोधकाची १०⁻²च्या घरात. १ टक्का अचूकतेसाठी पहिल्याला १० कोटी इलेक्ट्रॉन लागतात, दुसऱ्याला १० लाख. सेकंदाला १०,००० इलेक्ट्रॉन मिळत असतील, तर एका बिंदूला जवळपास पावणेतीन तास की शंभर सेकंद, हा फरक आहे. कोन व ऊर्जा दोन्ही निवडून फोटोउत्सर्जन (प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढणे) करायचे असेल तर दुसराच घ्या, फक्त त्याचे लोहलक्ष्य अधूनमधून नव्याने तयार करावे लागते. दुय्यम इलेक्ट्रॉन भरपूर मिळतात, तिथे मॉट बिनतक्रार चालतो.