गेम सुरू केला की डेस्कटॉप अचानक बंद पडतो, काय तपासू?

एरवी नीट चालतो आणि गेम लावल्यावर थोड्याच वेळात खाडकन बंद होतो, म्हणजे संशय दोघांवर: उष्णता किंवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). फॉरमॅट मारायची घाई करू नका. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींची नोंदवही) 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल, पण त्यावरून पीसी नीट शटडाऊन न होता बंद पडला एवढंच कळतं, कारण नाही.

आधी एचडब्ल्यूमॉनिटर (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून गेम खेळा. बंद पडण्याआधी सीपीयू ९५-१०० अंशांवर जात असेल तर प्लग काढून कॅबिनेट उघडा. फॅन बोटाने धरून ब्लोअर मारा. पंख्याखाली हीटसिंकच्या (सीपीयूची उष्णता ओढणारा धातूचा भाग) पात्यांवर धुळीचा नमद्यासारखा थर असतो, तो वरून दिसतच नाही. इंटेलचा साधा कूलर असेल तर चारही पिना हलवून बघा. एक जरी सुटलेली असली तरी कूलर तिरका बसतो. सीपीयू आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट वाळून भुगा झाली असेल तर पुसून नवीन लावा, वाटाण्याएवढी पुरते.

तापमान ठीक असूनही बंद पडतोय? मग ओळखीच्या कुणाचा तरी चांगला, पुरेशा वॅटचा एसएमपीएस लावून बघा. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवरच्या वॅटच्या आकड्यावर माझा अजिबात विश्वास नाही. तो उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर जबर झटका देऊ शकतात.