‘व्हिसा आलाय, पैसे भरा’ : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की कन्सल्टन्सी, एजन्सी, एजंट यांच्यामार्फत नोकरी शोधताना काय अनुभव आले ते कळवा. पत्रं भरपूर आली, मेल तर अजून येतायत. मी स्वतः पुण्यात एका कन्सल्टन्सीत सहा वर्षं काढलीत, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसून, त्यामुळे काही पत्रं वाचताना जरा ओशाळायला झालं. जागेपुरती तीनच घेतोय.

प्रश्न : सर, माझा धाकटा भाऊ वेल्डर आहे, लोट्याच्या एमआयडीसीत होता. गावातल्या एकाच्या ओळखीने मुंबईचा एजंट मिळाला, दुबईत काम, पगार १८०० दिरहॅम, राहणं कंपनीचं. आधी मेडिकल करायला लावलं, पासपोर्ट ठेवून घेतला आणि आता म्हणतो व्हिसा आलाय, ९० हजार कॅश द्या, पावती मिळणार नाही. बघितलं तर व्हिसा व्हिजिटचा! एजंट म्हणतो तिकडे गेल्यावर बदलून मिळतो, सगळे असेच जातात. भाऊ नववीपर्यंत शिकलाय. आईने पाटल्या मोडायला काढल्यात. काय करावं? (एक वाचक, खेड, जि. रत्नागिरी)

उत्तर : ताई, पाटल्या आधी कपाटात परत ठेवा. मग बाकीचं बोलू.

परदेशात कामाला माणसं पाठवायची तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे एजंटकडे केंद्र सरकारचं लायसन्स लागतं, आणि त्याने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी एवढंच घ्यायचं, म्हणजे सगळे मिळून ३५,४००, आणि तेही पक्की पावती देऊन. तुमचा माणूस ९० हजार मागतोय तेही बिनपावतीचे, म्हणजे इथेच उत्तर मिळालं.

आता व्हिजिट व्हिसाची गंमत. भाऊ दहावी पास नाही म्हणजे त्याचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे कामाला जायला सरकारी मंजुरी लागणारा, असणार. असा माणूस आखाती देशात कामाला निघाला की आधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याच्या ऑफिसची क्लिअरन्स लागते, त्यासाठी कंपनीचं नाव, पगार, कामाचा करार सगळं सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर चढतं आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमाही निघतो, दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये. फिरायला चाललोय म्हणून गेलं की हे सगळं टळतं. एजंटचं टळतं, भावाचं बुडतं. तिकडे व्हिजिटवर काम करणं बेकायदा आहे, मग पगार थकला किंवा हाताला भाजलं तर दाखवायला कागदच नाही, तक्रार करायला गेला तर हाच गुन्हेगार. सगळे असेच जातात हे अगदी खोटं नाही हो, काही जणांचं तिकडे गेल्यावर मार्गी लागतंही, आणि ईदला तेच गावात येऊन सांगतात. ज्यांचं नाही लागलं ते गप्प बसतात, कारण कर्ज भावकीतच काढलेलं असतं.

एजंटला एकच विचारा, तुमचा आरए (रिक्रूटिंग एजंट) लायसन्स नंबर काय. मुंबईचा असेल तर त्यात एमयूएम अशी अक्षरं असतात. तो नंबर ई-मायग्रेटच्या साइटवर स्वतः टाकून बघा, चालू आहे का ते दिसतं. तो नंबर दुसऱ्याच कुणाच्या ऑफिसचा निघाला तर त्या ऑफिसला फोन करून विचारा की हा तुमचा माणूस आहे का. गावातला जो ओळखीचा आहे ना, त्याला डोक्यामागे कमिशन असतं, तो वाईट असेलच असं नाही, पण लायसन्स त्याच्याकडे नसतं. आणि पासपोर्ट आजच परत मागा. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, एजंटला तो अडकवून ठेवायचा अधिकारच नाही. दिला नाही तर सरळ पोलीस स्टेशन. मेडिकलचे पैसे गेले ते गेले. मेडिकल मुद्दाम आधी करायला लावतात, एकदा पाच-सहा हजार गेले की माणसाला मागे फिरवत नाही.

प्रश्न : मी लातूरहून चाकणला आलोय, मेकॅनिकल डिप्लोमा. कन्सल्टन्सीने १५०० रजिस्ट्रेशन घेतलं आणि पहिल्या पगारातले ५००० कापले. कंपनी मोठी आहे पण पगाराच्या स्लिपवर भलत्याच फर्मचं नाव. पीएफचे १८०० दर महिन्याला कापतात, यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) मागितला की ‘प्रोसेसमध्ये आहे’. पाच महिने झाले. (एक वाचक, चाकण)

उत्तर : पाच महिने प्रोसेसमध्ये काही नसतं रे, यूएएन काढायला फार वेळ लागत नाही. तुझे १८०० म्हणजे १५,००० चे १२ टक्के. मालकाचेही तेवढेच पडायला हवेत, पासबुकात त्यातले ५५० तुझ्या पीएफला आणि १२५० पेन्शनला असे दिसले पाहिजेत. आधार आणि मोबाईल नंबर वापरून यूएएन स्वतः शोधता येतो, सरकारच्या उमंग अ‍ॅपवर बघ. निघालाच नाही तर स्लिप, बँक स्टेटमेंट आणि गेटपासचा फोटो काढून ठेव आणि पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर टाक. स्लिपवरची ती भलती फर्म म्हणजे ठेकेदार, तक्रारीत त्याच्याबरोबर मोठ्या कंपनीचंही नाव लिही, ते महत्त्वाचं, ठेकेदाराने पगार किंवा पीएफ बुडवला तर शेवटी मूळ कंपनीलाच भरावं लागतं, आणि एचआरला हे पक्कं माहीत असतं. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयसी (कामगार विमा) पण कापलं जातंय का बघ, तुझ्याकडून पाऊण टक्का. ते ५००० परत मिळतील का? पावती असेल तर भांड. नसेल तर अवघड आहे, खोटी आशा दाखवत नाही.

प्रश्न : हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे. दोन कन्सल्टन्सींनी माझा बायोडेटा एकाच कंपनीला पाठवला आणि कंपनीने ‘डुप्लिकेट प्रोफाइल’ म्हणून दोन्ही बाद केले. यात माझी चूक काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चूक काही नाही, भांडण फीचं आहे. कंपनी एजन्सीला साधारण ८.३३ टक्के देते, वर्षाच्या पॅकेजच्या, म्हणजे तुमचा एक महिन्याचा पगार. दोघांनी हक्क सांगितला की कंपनी कटकट नको म्हणून उमेदवारच सोडते. त्यात बहुतेक ठिकाणी ९० दिवसांची रिप्लेसमेंट अट असते, तुम्ही त्याआधी सोडलं की एजन्सीला फुकटात दुसरा माणूस द्यावा लागतो. आम्ही जॉइन झालेल्या प्रत्येकाला दर शनिवारी फोन करायचो, कसं चाललंय, टीम कशी आहे, जेवण कसं आहे, समोरच्याला वाटायचं केवढी माणुसकी. एक्क्याण्णवाव्या दिवसापासून तोच नंबर आला की आमच्यातलं कुणी उचलायचं नाही.

तर बायोडेटा पाठवायच्या आधी कंपनीचं नाव विचारा आणि अमुक कंपनीला पाठवायला हरकत नाही असं मेलवर कळवा, तारखेसकट. मग भांडण झालंच तर दाखवायला काहीतरी असतं. नाव सांगत नसतील तर पाठवू नका. मी पण सहा वर्षं नाव लपवलंय, ‘क्लायंट कॉन्फिडेन्शियल आहे मॅडम’ म्हणून. कॉन्फिडेन्शियल कसलं डोंबलाचं, तुम्ही थेट अर्ज कराल आणि आमची फी जाईल एवढीच धास्ती.