ट्रॅव्हल हॉकी म्हणजे नक्की काय असतं? नऊ वर्षांच्या मुलाला त्यात घालावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा नऊ वर्षांचा आहे, हाऊस लीगमध्ये आईस हॉकी खेळतो, कोचने आता ट्रॅव्हलच्या ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, यायला सांगितलंय. हे सगळं चालतं कसं आणि आपण त्यात पडावं का? मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो. माझी मुलगी टेन-यूपासून (दहा वर्षांपर्यंतचा गट) ट्रॅव्हल खेळतेय, मध्ये मी तिच्या टीमचा मॅनेजरही होतो. त्यामुळे पुढचं सगळं मिशिगनच्या अनुभवावरून. मिनेसोटात असाल तर तिथे मुलं बहुतेक आपापल्या गावाच्या असोसिएशनकडूनच खेळतात, तिकडची पद्धत वेगळी.

हाऊस लीगमध्ये पैसे भरले की जागा पक्की. टीम समतोल वाटून करतात आणि सामने घरच्याच रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, होतात. ट्रॅव्हलमध्ये निवड होते. निवडलेली टीम दुसऱ्या गावांत, दुसऱ्या राज्यांत जाऊन खेळते. वयोगट यूएसए हॉकी या राष्ट्रीय संघटनेचे: एट-यू, टेन-यू, ट्वेल्व्ह-यू असे दोन-दोन वर्षांचे, आणि वय धरतात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या जन्मवर्षाप्रमाणे. म्हणजे डिसेंबरात जन्मलेला मुलगा त्याच वर्षीच्या जानेवारीतल्या मुलाशी स्पर्धा करतो. नऊ-दहाच्या वयात अकरा महिन्यांचा फरक बर्फावर स्पष्ट दिसतो. तुमच्या मुलाचा वाढदिवस वर्षाअखेरीस असेल तर ट्रायआउटच्या निकालावरून त्याच्या कुवतीचा अंदाज बांधू नका.

वयोगटाच्या आत पुन्हा पातळ्या आहेत. सगळ्यात वर टियर वन, त्याला ट्रिपल ए म्हणतात. त्याखाली टियर टू, त्यात डबल ए, ए, बी. रिंकच्या लॉबीत पालकांचं निम्मं बोलणं या अक्षरांबद्दल असतं. माझं ठाम मत आहे की टेन-यूला या अक्षरांना फार किंमत देऊ नये. एखाद्या क्लबची ए टीम दुसऱ्या क्लबच्या डबल ए टीमला सहज हरवते. आणि ट्रिपल एच्या तिसऱ्या लाइनवर (खेळाडू आळीपाळीने ज्या गटांत उतरतात त्यातल्या तिसऱ्या गटात) बसून राहण्यापेक्षा ए टीममध्ये दर दुसऱ्या शिफ्टला, म्हणजे पाळीला, बर्फावर उतरणारा मुलगा जास्त शिकतो.

आमच्याकडे ट्रायआउट हंगाम संपल्यावर वसंतात होतात. मुलं जर्सीवर नंबर लिहिलेल्या पिनी (बिनबाह्यांचे पातळ सदरे) घालून उतरतात, कोच क्लिपबोर्ड घेऊन रिंकभोवतीच्या कठड्याला टेकून उभे असतात, पालक काचेमागे. आधी स्केटिंग, मग पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) घेऊन वळणं, मग छोट्या जागेतले तीन-तीनचे सामने. कोच बघतात ते मुख्यतः स्केटिंग, आणि पक हातून गेल्यावर मूल काय करतं ते. मागे धावतं की हात टाकून उभं राहतं, हे जाणकाराला पाच मिनिटांत कळतं. निकाल नंबरानुसार लागतो किंवा थेट ऑफरचा ईमेल येतो. ऑफर आली की हो-नाही कळवायला एक-दोन दिवसच मिळतात आणि हो म्हणताना डिपॉझिट भरावं लागतं. म्हणून कोणत्या टीमला हो म्हणायचं हे ट्रायआउटच्या आधीच घरात बोलून ठेवा.

खर्चाचा मोठा वाटा बर्फाचा. रिंक तासावर भाड्याने मिळते, तासाला काही शे डॉलर. त्यात कोचचं मानधन, रेफरी, लीगची आणि टूर्नामेंटची फी मिळवा. टियर टूमध्ये हंगामाचे काही हजार डॉलर होतात, ट्रिपल एमध्ये प्रवास धरून दहा हजारांच्या पुढे सहज जातात. हॉटेलं वेगळी. बऱ्याच टूर्नामेंटमध्ये आयोजकांनी ठरवलेल्याच हॉटेलात राहावं लागतं, स्वस्त दुसरीकडे राहू म्हटलं तर चालत नाही. फी हप्त्यांनी घेतात का आणि मूल मध्येच जखमी झालं तर काय, हे मॅनेजरला लेखी विचारा.

हंगाम सप्टेंबर ते मार्च. आठवड्याला दोन-तीन प्रॅक्टिस आणि शनिवार-रविवारी सामने. आपल्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम नेमका सामन्याच्या संध्याकाळी येतो. नाटकात किंवा नाचात मुलाला घेतलं असेल तर कोचला वेळापत्रक आधी द्या, समंजस कोच सांभाळून घेतात. डेट्रॉईटच्या टीम टोरंटोकडेही जातात. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट आणि एच-वन-बी असेल तर कॅनडाचा व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर त्याची गरज नाही. हे टूर्नामेंटच्या आठवड्यात लक्षात येऊन उपयोग नाही.

पालकांना कामंही असतात. घड्याळ चालवायचं, स्कोअरशीट भरायची, पेनल्टी बॉक्सचं दार उघडायचं. लॉकर रूममध्ये मुलांजवळ पार्श्वभूमीची तपासणी झालेली मोठी व्यक्ती हवीच, हा नियम टीम कटाक्षाने पाळते का ते बघा. आणि सामना संपल्यावर चोवीस तास कोचशी खेळण्याच्या वेळेबद्दल बोलायचं नाही, असा रिवाज बहुतेक टीममध्ये आहे. मला तो मनापासून पटतो.

दुखापतीची भीती तुम्हाला असणार. मुलांच्या हॉकीत बॉडी चेकिंग, म्हणजे पक असलेल्या खेळाडूला अंगाने धडक देणं, फोर्टीन-यूपासून सुरू होतं. ट्वेल्व्ह-यूमधून ते २०११-१२च्या हंगामापासून काढून टाकलं. मुलींच्या हॉकीत ते नाहीच. मानेचं संरक्षण करणारा नेक गार्ड १ ऑगस्ट २०२४पासून मुलामुलींना सक्तीचा आहे. हेल्मेट मात्र जुनं, दुसऱ्याचं वापरलेलं घेऊ नका.

पडावं का? मुलगा प्रॅक्टिस संपल्यावरही बर्फावरून निघायला तयार नसेल, तर हो. फक्त तुम्हाला वाटतं म्हणून असेल, तर अजून एक वर्ष हाऊसमध्ये खेळू दे, काही बिघडत नाही. ऑफर घेण्याआधी त्या कोचची एक प्रॅक्टिस लांबून बघून या. मुलं रांगेत उभी किती वेळ आणि स्केटिंग करत किती वेळ, हे मोजा. चुकलेल्या मुलाशी तो काय बोलतो ते ऐका. यूएसए हॉकी एका सामन्यामागे तीन प्रॅक्टिस असाव्यात असं सांगते, तेव्हा हंगामात सामने किती आणि प्रॅक्टिस किती, हा प्रश्न त्याला सरळ विचारा. सामन्यांचाच आकडा फुगवून सांगणारा कोच असेल तर दुसरी टीम बघा.