तूर सगळी विकायची की डाळीपुरती ठेवायची?

प्रश्न (ता. दारव्हा, जि. यवतमाळ): यंदा ९ क्विंटल तूर झाली. बाजारात ७,२०० रुपये भाव सांगतात. सोसायटीचं पीककर्ज ९०,००० आहे, ३१ मार्चच्या आत भरायचं आहे. कृषी केंद्राची (बी-खताच्या दुकानाची) उधारी १४,००० आहे, तिला महिन्याला २ टक्के व्याज लागतं. कापसाचे ६०,००० बँकेत आहेत. गहू, मिरची-हळद अन् पोरांची शाळा मिळून जूनपर्यंत १२,००० लागतील. घरात पाच माणसं, महिन्याला ६ किलो तूरडाळ लागते. दुकानात ती १२५ रुपये किलो आहे. यजमान म्हणतात, सगळी विकून मोकळं होऊ. सासूबाई म्हणतात, वावरात तूर असताना डाळ विकत कशाला खायची? दोन क्विंटल ठेवा, नणंदबाईंनाही द्यायची आहे. काय करावं?

उत्तर: ताई, एक क्विंटल १५ किलो तूर घरी ठेवा, बाकीची विका. दोन क्विंटल ठेवू नका.

घरची डाळ फुकट पडते असं बहुतेक घरांत धरून चालतात, आणि हिशोब तिथेच चुकतो. जी तूर तुम्ही ठेवता तिचे क्विंटलमागे ७,२०० रुपये हातात येत नाहीत, म्हणजे ती तुम्ही स्वतःकडूनच ७,२०० ला विकत घेतलेली असते. त्यावर मिनी डाळ मिलची मजुरी किलोला ५ रुपयांप्रमाणे ५०० आणि दाण्याला चोळायच्या अर्ध्या किलो तेलाचे ७५. झाले ७,७७५. चुनी आणि टरफल घरच्या जनावरांना जाईल, त्याचे ३०० वजा करा. उरले ७,४७५. चांगल्या मिलवर क्विंटलला ७० किलो डाळ पडते असं धरलं तर किलो १०७ रुपयांना पडली. दुकानात तीच १२५. वर्षभराच्या डाळीवर तुमची बचत १,२७५ रुपये. रक्कम नाकारण्यासारखी नाही, पण तिच्यापायी घरात भांडण व्हावं इतकी मोठीही नाही.

आणि ही बचत ७० किलो उतारा पडला तरच आहे. तूर साध्या पिठाच्या चक्कीवर किंवा जात्यावर भरडली आणि ६० किलोच डाळ आली, तर त्या १० किलोंचे १,२५० रुपये गेले. चुनी थोडी वाढेल, पण ती डाळीच्या भावाने जात नाही. म्हणून डाळ कुठे आणि कशी करता, याला या हिशोबात सगळ्यात जास्त महत्त्व आहे.

तुरीच्या दाण्याचं टरफल आतल्या डाळीला गोंदासारख्या थराने चिकटलेलं असतं. हरभऱ्यासारखं ते सहज सुटत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जी पीकेव्ही मिनी डाळ मिल आहे, तिच्यावर आधी दाण्याला नुसते ओरखडे पाडतात. मग त्याला तेल किंवा पाणी लावून रात्रभर ढिगात मुरवतात, उन्हात वाळवतात आणि नंतर सोलतात. ओरखड्यांतून तेल-पाणी आत गेलं की तो थर ढिला होतो. गर्दीच्या दिवसांत मिलवाल्याने मुरवायला वेळ दिला नाही, तर टरफल निघावं म्हणून रोलर जोर लावतो आणि डाळीचा चुरा होतो. त्यामुळे सोलण्याआधी एक मूठ दाणे दोन्ही तळव्यांत चोळून बघा. टरफल सुटत असेल तर पुढे जा, चिकटलेलंच असेल तर आणखी एक दिवस ऊन द्या. मिलवर नेण्याआधी तूर चाळून घ्या. रोलरची फट मोठ्या दाण्याला बसवली की बारीक दाणा टरफलासकट तसाच खाली पडतो, आणि बारीक दाण्याला बसवली की मोठा फुटतो. पोचट, सुरकुतलेला माल डाळीसाठी ठेवू नका. तो विकण्यासारखा नाही म्हणून घरी ठेवला की उतारा हमखास बसतो.

आता दुसऱ्या क्विंटलचं बघू. ८ क्विंटल विकली तर ५७,६०० आणि बँकेतले ६०,०००, मिळून १,१७,६००. कर्ज आणि उधारी १,०४,०००. उरले १३,६००, आणि जूनपर्यंत लागतात १२,०००. म्हणजे एक क्विंटल ठेवून गाडी जेमतेम चालते. दोन ठेवले तर हातात ६,४०० राहतात आणि ५,६०० कमी पडतात. ते परत कृषी केंद्राच्या वहीवर जातील. जूनपासून पुढची तूर येईपर्यंत सात महिने, २ टक्क्यांनी ७८४ रुपये व्याज. दुसऱ्या क्विंटलची अर्ध्याहून जास्त बचत तिथेच गेली. शिवाय घराला वर्षाला ७२ किलो डाळ पुरते, म्हणजे दुसरा क्विंटल पुढच्या वर्षीच खाल्ला जाणार. जुनी डाळ शिजायलाही वेळ घेते.

नणंदबाईंसाठी वरचे १५ किलो धरले आहेत, त्यातून १० किलो डाळ होते. त्याचे १,०८० रुपये कमी होऊन हातात साधारण १२,५०० राहतात, म्हणजे खर्च भागतो. सासूबाईंना हे आकडे मोकळेपणाने सांगा. लेकीला घरची डाळ पाठवायची त्यांची इच्छा रास्तच आहे, आणि ती दोन क्विंटल न ठेवताही पुरी होते.

मग एक क्विंटल तरी कशाला, हे यजमान विचारतील. उत्तर १,२७५ रुपयांत नाही, भावाच्या चढउतारात आहे. २०१५ च्या दिवाळीत हीच डाळ २०० रुपयांच्या घरात गेली होती. २०१७ च्या सुरुवातीला तूर ५,०५० च्या हमीभावाखाली विकावी लागली. डाळ महाग होते तेव्हा शेतकऱ्याच्या घरात तूर उरलेली नसते, ती त्याने कधीच विकलेली असते. वर्षाची डाळ कोठीत असली की घरखर्चातला एक मोठा आकडा ठरून जातो. तेवढ्यासाठी एक क्विंटल अडकवणं मला योग्य वाटतं.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि खरा पैसा तिथे आहे. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव ८,००० रुपये आहे. बाजारापेक्षा क्विंटलमागे ८०० जास्त, म्हणजे जवळपास ८ क्विंटलवर ६,२०० रुपयांच्या वर. डाळीतल्या बचतीच्या जवळजवळ पाचपट. त्यासाठी हमीभावाच्या सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी लागते: सातबाऱ्यावर तुरीची पीक पाहणी, आधार, बँक पासबुक. पीक पाहणीची नोंद नसेल तर तिथेच अडेल, म्हणून आधी सातबारा काढून बघा. ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, तूर दोन-तीन उन्हं देऊनच न्या.

केंद्रावर माल दिला तरी पैसे खात्यात पडायला वेळ लागू शकतो, आणि सोसायटीची तारीख थांबत नाही. पीककर्ज मुदतीत भरलं तर ३ लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. तारीख हुकली की ती सवलत जाते; ६ टक्क्यांनी धरलं तरी ९०,००० वर वर्षाचे ५,४०० रुपये, आणि थकबाकीत गेल्यावर खरिपाला नवं कर्ज अडतं ते वेगळंच. म्हणून फेब्रुवारी संपेपर्यंत केंद्रावर नंबर लागला नाही, तर साडेचार क्विंटल बाजारात विका. ३२,४०० आले की बँकेतले ६०,००० धरून सोसायटी भागते. उरलेली तूर केंद्रासाठी थांबू द्या. कृषी केंद्राची उधारी एक महिना पुढे गेली तर २८० रुपये व्याज जास्त लागेल, पण ती फेडायला जी दोन क्विंटल विकावी लागली असती, तिला केंद्रावर १,६०० जास्त मिळतात, तेव्हा ते सोसावं.

घरच्या क्विंटलची डाळ मार्च-एप्रिलच्या उन्हातच करून घ्या. अख्खी तूर पावसाळ्यापर्यंत ठेवू नका. कडधान्याचा भुंगा वावरातून शेंगेवरच अंडी घालून येतो. दाण्यावर चिकटलेला पांढरा ठिपका दिसला तर ते अंडं, आणि गोल भोक दिसलं तर भुंगा खाऊन बाहेर पडलेला. उन्हाळ्यात साधारण महिनाभरात त्याची नवी पिढी तयार होते. तो अख्ख्या दाण्यात वाढतो, सोललेल्या डाळीला त्याचा त्रास बराच कमी. डाळ ताडपत्रीवर पातळ पसरून कडक वाळवा. दाताखाली दाबली की कट्‌ आवाज होऊन तुटली पाहिजे. पण तापलेली डाळ तशीच कोठीत भरू नका. रात्री कोठीचा पत्रा थंड झाला की आतल्या आत पाणी सुटतं आणि तळाला बुरशी धरते. सावलीत पूर्ण निवू द्या, मग भरा, वर वाळलेला कडुनिंबाचा पाला टाका. धान्यात टाकायची विषारी गोळी घरात मुळीच वापरू नका. तिच्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेतो.

कोठी जमिनीवर न टेकवता विटांवर किंवा फळीवर ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर. महिन्याच्या पहिल्या तारखेला ६ किलो मोजून छोट्या डब्यात काढा आणि कोठी बंद करा. रोज झाकण उघडलं की पावसाळ्याची दमट हवा आत जाते, आणि महिन्याला किती डाळ लागली याचा मेळही राहत नाही.