राउटरचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर गेला. त्याजागी सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा लावला तर राउटर जळेल का?

नाही जळणार. अँपिअरचा आकडा म्हणजे अडॅप्टर जास्तीत जास्त किती करंट देऊ शकतो ते. राउटर त्याला लागेल तेवढाच ओढतो. उलटं मात्र करू नका. अर्ध्या अँपिअरचा लावला तर लोड आला की व्होल्टेज बसतं, राउटर सारखा रिस्टार्ट होतो आणि अडॅप्टर प्रमाणाबाहेर तापतो.

व्होल्ट तेवढेच हवेत. लेबलवर ‘आउटपुट’ची ओळ बघा: सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ म्हणजे डीसी. नागमोडी रेघ असेल तर तो एसी देणारा अडॅप्टर, तो लावू नका. लेबलवरच्या पिनच्या चिन्हात गोलाच्या मधल्या टिंबाला + जोडलेला असेल तर पिनच्या आत प्लस. राउटरखालच्या स्टिकरवरही हेच चिन्ह हवं, कारण उलट पुरवठ्यापासून वाचवणारा डायोड सगळ्याच राउटरमध्ये नसतो.

पिनमध्ये बरेच जण फसतात. बाहेरून दोन्ही ५.५ मिमी, पण आतलं भोक २.१ किंवा २.५. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये जाते, पण सैल बसते आणि वायर हलली की राउटर बंद पडतो. २.१ ची पिन २.५ वर जातच नाही. जोर लावला तर सॉकेट तुटेल.

मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर लाल प्रोब भोकात, काळा बाहेरच्या कड्याला लावा. बारीक ठिणगीसुद्धा नको, म्हणून प्रोब एकमेकांना टेकू देऊ नका. १२ च्या आसपास रीडिंग हवं. जुना, वजनदार ट्रान्सफॉर्मरवाला लोडशिवाय १६ सुद्धा दाखवतो. तो राउटरला नको.

नुसतं मोकळं रीडिंग पुरेसं नाही. आउटपुटचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकलेले असले तरी मीटर १२ दाखवतो. पिनचं भोक आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये २२ ओहम, १० वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर जोडा, साधारण ०.५५ अँपिअरचा लोड येतो. पाच मिनिटांत ११.४ च्या खाली गेला तर अडॅप्टर बाद. रेझिस्टर चांगलाच तापतो, हात लावू नका.

आणि जुना अडॅप्टर खरंच गेलाय का? तो लावून पिनेपाशी वायर हळूच वाकवून बघा. राउटरचा दिवा लुकलुकला तर वायर आतून तुटलीय, नवी पिन सोल्डर करून भागेल. वरचं झाकण मात्र उघडू नका: आतल्या ४०० व्होल्टच्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि अडॅप्टर भिंतीवरच्या बोर्डातून काढल्यावरही ते काही वेळ टिकून राहू शकतात.