दोन सर्व्हर, एकच एनएएस: साधं एलव्हीएम की थिन?

प्रॉक्समॉक्सचे (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणाऱ्या प्रणालीचे) दोन सर्व्हर, एनएएस म्हणजे नेटवर्कवरची साठवणपेटी, तिच्यातली एकच लन (डिस्कसारखा दिसणारा तुकडा) आयएससीएसआयवरून, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क जोडायच्या पद्धतीने, दोघांना, व्हीएम इकडून तिकडे हलवायच्या. लनचे हिस्से (एलव्ही) पाडायला साधं एलव्हीएम घ्यावं (लिनक्सचं जागावाटप, हिस्सा आधीच पूर्ण मोजून देतं) की थिन (सामाईक पूलमधून लागेल तशी जागा देतं), आणि स्नॅपशॉटचं, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवण्याचं काय, असं तुम्ही विचारलंय.

साधं घ्या. सामाईक लनवर थिन पूल टाकणारा माणूस मी जवळून बघितलाय. माझा आतेभाऊच तो.

२०१८ चा मे. देवगडजवळच्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरचं बघायचो. हंगाम ऐन भरात, रात्री दोनपर्यंत पल्प शिजायचा. आतेभाऊ मुंबईत आयटीत, सुट्टीला आलेला. मी दोन डेबियन सर्व्हरवर लिबव्हर्ट (व्हीएम चालवायचं साधन) टाकून एनएएसच्या लनवर साधे एलव्ही पाडत बसलो होतो. हा मागे उभा राहून म्हणाला, "जागा फुकट घालवतोयस. थिन कर, लागेल तशी घेईल." शेठ शेजारीच होते. जागा वाचते म्हटल्यावर माझं कोण ऐकतो! पूल केला, दोन्ही सर्व्हरवर ॲक्टिव्ह केला, आणि साहेब आंब्याच्या दोन पेट्या घेऊन मुंबईला गेले.

आठवडाभर सगळं सुरळीत. मग बिलांचा डेटाबेस पान खराब असल्याची कुरकुर करायला लागला. दोन दिवसांनी वळवाचा पाऊस, लाईट गेली, सर्व्हर परत चालू केले तर थिन-चेकने (पूलची नोंदवही तपासणाऱ्या आज्ञेने) पूल नापास केला. थिन-रिपेअरने निम्मं अर्धं परत दिलं. शेठ डोक्यावर उभे: "आमची बिलां खंय गेली?" चार रात्री कागदी प्रतींवरून बिलं टाइप केली.

आतेभाऊ आजही म्हणतो, लाईट गेली म्हणून झालं. दर गणपतीत हा वाद निघतो, म्हणून इथेच लिहून ठेवतो. सामाईक सातबारा डोळ्यांसमोर आणा. साध्या एलव्हीएममध्ये पोटहिस्सा एकदा मोजून दिला की हद्द ठरली. फेरफार फक्त एलव्ही नवा केला, वाढवला किंवा काढला तरच. थिनमध्ये व्हीएमने नवीन जागेवर लिहिलं की तिथल्या तिथे फेरफार. तो दोन सर्व्हर आपापल्या वहीत, एकमेकांना न विचारता करत होते. एकच मोकळा ब्लॉक दोन व्हीएमना गेला. डेटाबेसने तक्रार केली ती लाईट जायच्या दोन दिवस आधी, आणि ती तारीख माझ्या डायरीत आहे.

साध्या एलव्हीएममध्येही कुलूप एलव्हीएम स्वतः लावत नाही. प्रॉक्समॉक्स फेरफाराआधी क्लस्टरभर, म्हणजे जोडलेल्या सगळ्या सर्व्हरांसाठी, कुलूप लावतं आणि एलव्ही जिथे व्हीएम चालते तिथेच ॲक्टिव्ह ठेवतं. म्हणून पीव्हीक्रिएट, व्हीजीक्रिएट (लन एलव्हीएमच्या ताब्यात द्यायच्या आज्ञा) एकाच सर्व्हरवरून करा, स्टोरेज जोडताना 'शेअर्ड'ची खूण करा, आणि पुढे टर्मिनलवरून हाताने एलव्ही पाडू किंवा उडवू नका.

स्नॅपशॉट: प्रॉक्समॉक्स ९ मध्ये, म्हणजे २०२५ पासून, शेअर्ड साध्या एलव्हीएमवर ते आलेत, पण 'टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू', म्हणजे चाचणीपुरते, म्हणून. मी वापरत नाही. चालू व्हीएमचा पूर्ण बॅकअप त्याशिवायही निघतो, तो रोज घ्या.

आणखी काही, आधी सांगायला हवं होतं ते. दोन सर्व्हरांत एक पडला की उरलेल्याकडे क्लस्टर चालवायला लागणारं बहुमत नसतं. तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारा बाहेरचा साथी) लावा, एखादा रास्पबेरी पाय, म्हणजे छोटासा कॉम्प्युटर, पुरतो. व्हीएमच्या आतही एलव्हीएम असेल तर होस्टने, म्हणजे खालच्या सर्व्हरने, ते उघडू नये म्हणून ग्लोबल फिल्टर (एलव्हीएमने कुठल्या डिस्क बघू नयेत ते सांगणारं सेटिंग) तपासा. आणि स्नॅपशॉटशिवाय तुमचं चालतच नसेल तर लन सोडा, त्याच एनएएसवर एनएफएस (नेटवर्कवरचं सामाईक फोल्डर) घेऊन क्यूकाऊ२ फाइली (स्नॅपशॉट घेता येणाऱ्या व्हीएमच्या डिस्क-फाइली) ठेवा. दोन सर्व्हरांना खरं तर तेच सोपं.

एनएएस आणि स्विच दोन्ही यूपीएसवर घ्या. एनएएस गायब झाला की आयएससीएसआय मूळ सेटिंगमध्ये १२० सेकंद वाट बघतं, मग एरर वर ढकलतं आणि व्हीएममधल्या फाइलसिस्टिम रीड-ओन्ली होतात. आमचा एनएएस यूपीएसशिवाय, साध्या विजेच्या बोर्डावर होता, आणि तो तिथे मीच लावला होता. आतेभाऊ लाईटचं जे म्हणतो त्यात तेवढं खरं आहे.